झटक्याची धूळ कोणी पुसायची?

"भंगारात? आमच्या झटक्याला?" कस्तुरी इतक्या जोरात ओरडली, की चांद्रवसाहतीच्या घुमटाखाली तिचाच आवाज घुमून परत आला.

झटक्या हा सफाईचा यंत्रमानव. चंद्रावरची बारीक धूळ सौरपट्टीवर (सूर्यप्रकाशापासून वीज बनवणाऱ्या पट्टीवर) साचली, की यंत्रमानव बंद पडतात. झटक्या ती पुसायचा. आज मात्र तो एकाच जागी उभा होता. कुंचा स्वतःच्या पाठीवरच्या पट्टीकडे न्यायचा, थांबायचा, खाली आणायचा, पुन्हा न्यायचा. त्याची वीज संपत आली होती.

"बिघडलाय तो," व्यवस्थापक ढवळेकाका म्हणाले. "काल इतका सोपा नियम दिला! जे यंत्रमानव स्वतःची धूळ पुसत नाहीत, त्या सगळ्यांची पुसायची. जे पुसतात, त्यांना हात लावायचा नाही. एवढंही कळत नाही?"

"कळतंय, म्हणून तर अडकलाय," कस्तुरीची आत्याआजी म्हणाली. ती तर्कशास्त्र शिकवायची. "ढवळे, तुम्हीच व्हा झटक्या. पुसा आपली पाठ."

काकांनी कुंचा पाठीकडे नेला.

"थांबा!" कस्तुरी म्हणाली. "आता तुम्ही स्वतःची धूळ पुसणारे झालात. अशांना हात लावायचा नाही!"

"बरं, नाही पुसत." हात खाली आला.

"मग तुम्ही न पुसणारे झालात. अशांची पुसायचीच!"

काकांचा हात पुन्हा वर गेला आणि मध्येच थांबला. अगदी झटक्यासारखा.

"याला विसंगती म्हणतात," आत्याआजी म्हणाली. (विसंगती म्हणजे एकाच वेळी पाळता न येणाऱ्या गोष्टी एकत्र मागणं.) "पाचपेक्षा मोठी आणि तीनपेक्षा लहान संख्या आण म्हटलं, आणि ती सापडली नाही, तर शोधणाऱ्याला शिक्षा करायची?"

"चूक नियमाची, आणि भंगारात हा!" कस्तुरीचे डोळे भरून आले. "लिहा ना, हा नियम झटक्या सोडून इतरांसाठी. त्याची धूळ तो स्वतः पुसेल."

"एवढ्याशा बदलासाठी इतका आरडाओरडा?" काका पुटपुटले.

"एवढ्याशा चुकीसाठी तुम्ही त्याला मोडीत काढत होतात!"

काकांनी नियम बदलला. झटक्याचा कुंचा पट्टीवर सरसर फिरला. हिरवा दिवा लागला.

"नियमात विसंगती दिसली, तर यापुढे विचारू का?" त्याने हळूच विचारलं.

"विचार! मोठ्याने विचार," कस्तुरी म्हणाली. "आणि कोणी रागावलं, तर मला हाक मार."