बाहेरून कुलूप

रविवारी दुपारी रुचिरा साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतीत सिद्धेशचा डबा घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी तिथे काम करायला मनाई होती. म्हणून तळमजल्यावरच्या गाळ्यात सिद्धेश शटर पाडून लेथवर जादा काम करी. बाहेर कुलूप दिसलं की कुणी विचारत नसे. लग्नाआधी दोघांना खोली घ्यायची होती.

कुलूप लावायचं काम रुचिराचं.

"चावी हरवलीस तर माझं लोणचं होईल हां!" तो आतून म्हणाला.

"होऊ दे. रोज वाढून घेईन."

हसत ती वरच्या गॅलरीत जाऊन बसली.

पाऊस सकाळपासून होताच. पण पाणी आलं ते मागच्या नाल्यातून, आवाज न करता. ऑइलचा आणि कुजक्या गाळाचा वास जिना चढून वर आला, तेव्हा ती धावली. खाली काळं पाणी कमरेला लागलं. शटर आतून धडधडत होतं.

"रुचा... कुलूप काढ... लवकर..."

कुलूप तळाशी, पाण्याखाली होतं. वाकून ती चाचपडू लागली. चावी काही केल्या बसेना.

"रुचा!"

हाक मागून आली. जिन्यावर सिद्धेश उभा होता. कोरडा.

"वेडी आहेस का? मी मागच्या झरोक्यातून कधीच निघालो. चल वर!"

"मग आत... कोण आहे?"

"पिंपं आपटतायत गं. ये ना."

"रुचा... जाऊ नकोस..." शटरमागून घोगरा आवाज आला. तोही त्याचाच.

पाणी छातीपर्यंत चढलं. जिन्यावरच्याने हात पुढे केला. डोळ्यांना जो दिसत होता, त्याचा हात तिने धरला. चावी बोटांतून सुटली. ती वर पोचेपर्यंत थापा ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या.

सकाळी पाणी ओसरलं. वॉचमन जयवंतकाकांनी कुलूप तोडलं, शटर वर सरकवलं. एक माणूस शटरला टेकूनच पडला होता. नखं उलटली होती. काकांनी त्याच्या तोंडावरचा गाळ पुसला आणि त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग रुचिराशेजारी उभ्या असलेल्या सिद्धेशकडे. त्यांनी अंगातला रेनकोट काढून प्रेतावर टाकला.

सिद्धेश पुढे झाला. रेनकोट उचलून वाकून बघत राहिला, बराच वेळ, कौतुकाने.

"कोण गं हा?" त्याने विचारलं. "ओळखतेस तू?"