नाकाकडचा कोपरा

चष्म्याची काच फ्रेमच्या मापाला घासताना मी तिचा नाकाकडचा आतला कोपरा किंचित गोल करतो. मशीन तसं करत नाही, आणि कुणी तसं करायला सांगतही नाही. पण चष्मा घसरला की तो कोपरा गालाला टोचतो. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक हे कधी तोंडाने सांगत नाही, मुकाट दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून मशीनवरून काच काढली की दगडावर हाताने एक-दोन फेरे. वडील गेले, मागोमाग दुकानही गेलं, ही खोड तेवढी राहिली. आता मी एका मोठ्या कंपनीच्या तळघरात बसतो. वरून ट्रेमध्ये फ्रेमा येतात, मी काचा बसवतो, ट्रे परत वर जातो. गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं पडतं.

दुकान बुडालं त्यात काही आभाळ कोसळलं नव्हतं. लोक चकचकीत दुकानांत जायला लागले, मी हट्टाने जुन्या फ्रेमा पुसत बसलो, आणि एक दिवस शटर ओढलं. बायको चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो. दुकानात ती काउंटरवर असायची, गिऱ्हाइकाला आरसा धरायची आणि वाईट दिसणाऱ्या फ्रेमला सरळ वाईट म्हणायची. आता ती खिडकीशी बसून लोकांच्या कपड्यांची शिवण उसवते आणि घालते, तेही ओरखडे पडलेल्या जुन्या चष्म्यातून. नवा करून देतो, असं मी तिला दर महिन्याला सांगायचो. ती म्हणायची, वेळ मिळाला की करा.

वेळ होता हो. पण चष्मा करायचा तर आधी दोन्ही बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचं, पट्टी धरायची आणि माणसाच्या डोळ्यांत सरळ बघायचं. शटर ओढल्यापासून मी तिच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

अशात शाळेच्या स्नेहमेळाव्याचा ग्रुप निघाला. काढला अर्थातच मॉनिटरने. ती वर्गात मॉनिटर होती, आता एका दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे, म्हणजे काम तेच. तिने फर्मान काढलं की मेळाव्याआधी सगळ्यांनी हजेरीच्या क्रमाने बोलायचं. आपला नंबर आला की आधी 'हजर' म्हणायचं, मग सध्या काय चाललंय ते स्वतःच्या आवाजात सांगायचं. पन्नाशीची माणसं, पण 'हजर' म्हणताना सगळ्यांचे आवाज पुन्हा हाफपँटीत आणि दोन वेण्यांत गेले. कुणाला नातू झाला होता, कुणाचा गुडघा बदलला होता. एकाने तर आपल्या घटस्फोटाची हकीकत अशी रंगवली की ग्रुप हसून बेजार. मला त्याचा हेवा वाटला.

माझ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोन तोंडापाशी धरला. 'हजर' म्हणालो. 'सध्या मी' म्हणालो. तळघर हा शब्द काही केल्या बाहेर येईना. पुसलं, पुन्हा बोललो, पुन्हा पुसलं, आणि फोन खिशात टाकून कामाला लागलो.

संध्याकाळी बघतो तर ग्रुपवर माझ्या नावाने नुसता वर्षाव. 'भिंग्या, शाबास!' 'भिंग्या, डोळ्यांत पाणी आणलंस रे.' भिंग्या म्हणजे मीच. वर्गात सगळ्यात जाड भिंगं माझी. मी वर सरकवून सरकवून बघितलं. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. पण उत्तरांवरून कळत गेलं. मी म्हणे सांगितलं होतं की कोपऱ्यावरचं दुकान चालू आहे, बायको अजून आरसा धरते, आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून, गप्पा मारत, मी त्यांचे डोळे सावकाश तपासतो. मॉनिटरने लिहिलं होतं, 'तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. बदलला नाहीस.'

तेव्हाच लिहायला हवं होतं की हा मी नव्हे. कुणीतरी मस्करी करतंय, दुकान कधीच बंद झालंय. बोट अक्षरांवर होतं. मग मनात आलं, लगेच कशाला, मेळाव्यात भेटतीलच सगळे. मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. टाकलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर लंबूने दुकानात जाऊन आल्याचं लिहिलं. लंबू क्रेन चालवतो, माझ्याच बाकावर बसायचा. भिंग्याने नवा चष्मा करायला घेतला, तपासायच्या खुर्चीचा हात अजून काळ्या टेपने गुंडाळलेला आहे, दारावरची पितळी घंटाही तीच, वगैरे वगैरे. ती टेप मी गुंडाळली होती. खुर्ची भंगारात गेली होती. घंटा मात्र माझ्या घरी माळ्यावर आहे, कागदात बांधलेली. मी स्टूल घेऊन चढलो, पुडकं उघडलं. घंटा होती. बायकोने खालून विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही.

लंबू चष्मा आणायला जाणार होता त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली. आमच्या जुन्या दुकानाची ती वस्ती मी टाळायचो. बसही लांबच्या रस्त्याची धरायचो. निघताना त्याला फोन लावला आणि कुठे आहेस म्हणून विचारलं.

"तुझ्यासमोर बसलोय की, लेका," तो म्हणाला. मग फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी, "हा बघ, इथे बसून मला फोन करतोय."

मागे घंटा वाजली. आणि कुणीतरी हसलं. मी हसतो ते नाकातून, आणि शेवटी मला खोकला लागतो. त्या हसण्यालाही शेवटी खोकला लागला.

कोपऱ्यावर चपलांचं दुकान होतं. शटर ओढल्यापासून तिथे चपलांचंच दुकान आहे. पांढरे दिवे, नव्या कातड्याचा वास. आमची तपासायची खुर्ची जिथे असायची तिथे बूट घालून बघायचं स्टूल. विक्रेत्या मुलीने पायाचं माप विचारलं. लंबू नव्हता. मी विचारलं, इथे आत्ता एक उंच माणूस होता का? ती म्हणाली, सकाळपासून तुम्हीच पहिले. मी स्टूलवर टेकलो. कातड्याच्या वासाखाली दुसरा एक ओलसर वास येत होता, पाणी घालून काच घासली की दगडाला येतो तसा.

घरी आलो. बोलायचं कुणाशी? बायकोला सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की सगळ्या वर्गाला दुकान चालू आहे असं वाटतंय आणि मी वाटू दिलंय.

मेळाव्याला एकटाच गेलो. निघताना तिने विचारलं, मी येऊ का? मी म्हटलं, कंटाळशील. मनाशी पक्कं ठरवलं होतं. उभं राहायचं, 'हजर' म्हणायचं आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

भर दुपार होती. आमचाच वर्ग, आमचेच बाक, फक्त बसणारे जाडे. मॉनिटर फळ्यापाशी उभी राहून हजेरी घेत होती. बऱ्याच जणांच्या नाकावर नवे चष्मे दिसले. मॉनिटरच्याही.

माझं नाव आलं. मी उभा राहिलो.

"हजर."

मॉनिटरने वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. तिथे बघून ती छान हसली आणि मान डोलावली. चष्मेवाली सगळी डोकी तिकडे वळली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्यांना चष्मा नव्हता त्यांनीही, बाकीचे वाजवतायत म्हणून वाजवल्या.

मी खाली बसलो. लंबू पुढच्याच बाकावर होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला, माझ्या आरपार मागच्या भिंतीकडे बघून भास झाल्यासारखं पुन्हा पुढे वळला.

मधल्या वेळात सगळे चहाला बाहेर गेले. लंबू वर्गातच राहिला. चष्मा काढून त्याने बाकावर ठेवला आणि डोळे चोळले. मी तो उचलून काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कोपरा गोल होता. हाताने केलेला, माझ्याच हाताने.

"अरे भिंग्या," लंबू म्हणाला. आता तो मलाच बघत होता. "इथे होतास होय? आणि हे काय रे?"

त्याची नजर माझ्या कॉलरवर गेली, तिथला विरलेला धागा त्याने पाहिला, मग दाढीचे खुंट, मग माझ्या बोटांत बसलेला काळा मळ. त्याचा चेहरा पडला. जुना मित्र आहे, वाईट वाटलं त्याला.

"काय झालं तुला? मघाशी तर चांगला होतास."

हीच वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की मघाचा मी नव्हतो. पण ती कीव मला सोसेना. मी चष्मा त्याच्या हातात दिला.

"डोळे ताणू नकोस," मी म्हणालो. "लाव."

त्याने लावला. इकडेतिकडे बघितलं, 'गेला वाटतं' असं पुटपुटला आणि चहाला निघून गेला.

परत येताना रस्ताभर मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटावी.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बायको खिडकीशी शिवण घेऊन बसली होती. ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. ती गुणगुणत होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती तशी गुणगुणायची.

जुना चष्मा खिडकीत पडला होता.

"अगं," मी म्हटलं.

तिने मान वर केली. नाकावर नवी फ्रेम होती, तिला शोभणारी, मी निवडली असती तीच. इतक्या काळानंतर मी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं. ते दाराकडे बघत होते.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. बुबुळं काचांच्या बरोब्बर मध्यावर होती. कुणीतरी नीट माप घेतलं होतं. समोर बसून, घाई न करता.

मी हात पुढे केला. चष्मा नुसता ओढायचा अवकाश होता, तिला मी दिसलो असतो. ही कॉलर, ही बोटं. मग सगळं सांगावं लागलं असतं.

"अहो," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अगदी नीट बसलाय बरं का. कुठे टोचत नाही."

ती हसत होती. शटर ओढल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं.

मी हात मागे घेतला.

आतल्या खोलीत चष्म्याची डबी टक्‌ करून मिटली. ती शिवण बाजूला ठेवून उठली आणि आत निघाली. मी वाटेतच होतो. तिचा धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून मी बाजूला झालो.