हापशीला पाणी कोण पाजतं?

“शेण अजून थाप! फट राहिली तर आतला कुत्रा मरेल!” खेमराज ओरडला.

“कुत्र्याले विचारलं का बे आधी?” कवडू म्हणाला. तो कोपरापर्यंत शेणाने बरबटला होता.

दिवाळीची सुट्टी होती. रशियाने एका कुत्रीला आकाशात पाठवल्याची बातमी सालेकसा स्टेशनवरून गावात आली आणि धान साठवायच्या बांबूच्या रिकाम्या ढोलीचं यान बनू लागलं.

“दादा सांगत होता, वर हवाच नाई,” खेमराज म्हणाला. “यानातली हवा बाहेर पळाले पाहते. सुईएवढं भोक पुरे! म्हणून दाराच्या कडेले रबराचं कडं बसवून गच्च आवळतात.”

इतक्यात शेजारची नंदा धावत आली. “खेमराज, तुलसा पुन्हा ओकली!”

तुलसा खेमराजची धाकटी बहीण. तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. डोळे खोल गेले होते. खेमराजने तिच्या उशाचा तांब्या उचलला आणि तोंड फिरवलं. मेलेल्या बेडकासारखा वास! तळाशी एक लाल किडा वळवळत होता.

“हे हापशीचं पाणी? नव्या हापशीचं?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं तो तांब्या घेऊन हापशीजवळच्या बांबूंमागे दबा धरून बसले. हापशीची देखभाल करणारा उदाराम बादली घेऊन आला, पण हापशीकडे नाही, थेट म्हशी डुंबायच्या तळ्याकडे, बोडीकडे गेला! हिरवा तवंग हाताने सारून त्याने बादली भरली. ते पाणी हापशीच्या तोंडात ओतलं आणि दांडा हाणू लागला. गुडगुड करत पाणी आलं.

“शी! शी! तिथं म्हशी मुततात!” नंदाने तोंडावर ओढणी धरली. कवडू तर तिथेच ओकला.

“उदारामकाका! हे घाण काऊन टाकून राहिले?” खेमराज पुढे धावला.

“बोंबलू नको बाप्पा! वरून पाणी टाकल्याबिगर ओढतच नाई. अन् बोडी जवळ आहे.”

“नवी बसवली तवा तर ओढत होती!”

उदाराम डोकं खाजवू लागला. “तवा आत दट्ट्याले चामड्याचं गोल वायसर होतं. भैयाजी म्हणाले, पिण्याच्या पाण्यात चामडं? विटाळ! काढ ते! मग मी गोणपाटाचं लावलं.”

तेवढ्यात घागरी घेऊन बाया आल्या. आरडाओरडा ऐकून गावचे पुढारी भैयाजीही आले.

“कवडू, तुझी तुटकी वाहाण आण!” खेमराज म्हणाला.

त्याने वाहाणेच्या चामड्याची गोल चकती कापली, मधोमध दोरी ओवून गाठ मारली, चकती भिजवली आणि एका गुळगुळीत दगडावर दाबून बसवली. दोरी ओढली, तर दगडच वर आला!

“ओलं चामडं दगडाले असं चिकटते की कडेनं हवा शिरतच नाई. मग बाहेरची हवा त्याले दाबून धरते. आता गोणपाट पाहा.” गोणपाट नुसतंच निघून आलं. “यानातली हवा बाहेर जाऊ द्यायची नाई, हापशीत बाहेरची हवा येऊ द्यायची नाई. फट बुजवली तरच काम होते!”

“पण चामडं ते चामडंच!” भैयाजी गुरकावले.

“भैयाजी,” नंदा म्हणाली, “तुमच्या वाडीतल्या मोटेचं पाणी तुमी ओंजळीनं पिता. मोट काय गोणपाटाची आहे?”

बाया पदराआड हसल्या. खेमराजने तुलसाचा तांब्या पुढे धरला. “नाईतर हे प्या. माझी बहीण हेच पिऊन राहिली होती.”

भैयाजींनी आत पाहिलं. किडा वळवळला. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि बाजूला जाऊन थुंकले.

“उदाराम, काढ ते गोणपाट!”

बाहेर आला काळा, बुळबुळीत चिंधडा. त्याला जळू चिकटली होती! उदारामने घरच्या छपरात खोचलेलं जुनं वायसर आणून भिजत घातलं आणि मग बसवलं. स्वच्छ पाणी ओतून हापशी सुरू केली. दिवसभर पोरांनी पाणी उपसून फेकलं. संध्याकाळी धार नितळ आली. तरी खेमराजच्या आईने ते उकळूनच तुलसाला पाजलं.

पुढे काही दिवसांनी तुलसाने स्वतःहून भात मागितला. भैयाजी तिला पाहायला आले.

“मी चामड्याले नाक मुरडलं, अन् पोरीले बोडीचं घाण पाणी पाजलं,” ते हळूच म्हणाले. “पोरांनो, शाबास! आजपासून हापशीवर तुमची नजर राहू द्या.”

खेमराजने तुलसाला अंगणात नेलं. “तुलसा, हे आमचं यान! पहिली तूच बस!”

तुलसाने शेणाने लिंपलेल्या ढोलीत डोकं घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

“शी! कुत्र्याले बसवा!”