दातांच्या डॉक्टरची तारीख

प्रकाशन संस्थेत त्याला सगळे कात्री म्हणत आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं. अद्भुत कादंबऱ्यांचं संपादन करून पोट भरणाऱ्या या माणसाला अद्भुताची शिसारी यायची. त्यातही शरदातल्या तारखांची. प्रत्येक दीडशहाण्या लेखकाचा नायक बावीस सप्टेंबरलाच घर सोडणार, मेलेले बावीस सप्टेंबरलाच परतणार. का, तर दिवस-रात्र सारखे, पानं गळू लागलेली, म्हणजे दोन जगांमधलं दार किलकिलं! धर्माच्या पुस्तकांतही तोच माल, फक्त बांधणी भारी.

त्याच्याकडच्या एका लेखिकाबाईंच्या कादंबरीमालिकेनं तर कहर केला होता. त्यांचे वाचक बावीस तारखेला खरोखर दार उघडं ठेवून बसत. कात्रीची बारा वर्षांची लेकही त्यातलीच. मागच्या हिवाळ्यात आई गेल्यापासून ती या तारखेच्या आशेवरच जगत होती. कात्रीला ते बघवत नव्हतं.

नव्या भागाची शेवटची मुद्रितं लेखिकाबाईंनी तपासून पाठवली, त्यानंतर त्यानं गुपचूप एकच बदल केला. बावीस सप्टेंबर खोडलं, नऊ ऑक्टोबर केलं. त्या दिवशी त्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. एवढंच त्या तारखेचं पावित्र्य. कोणी आलं नाही की लेकीला सांगायचं, ही तारीख तुझ्या बापानं ठरवली होती. खूळ आपोआप उतरेल.

पुस्तक बाजारात आलं आणि लेखिकाबाईंचा फोन आला.

"तारीख तुम्ही बदललीत?"

"हो. वाचकांनी मुकाट गिळली की!"

"बावीसला ओळखीची माणसं येतात हो. ती तारीख माझ्या पदरची नव्हती. नऊला उघडी दारं बघून कोण येईल, मला खरंच माहीत नाही."

"दातांचा डॉक्टर येईल," म्हणत त्यानं फोन आपटला.

बावीसला गल्लीतली सगळी दारं बंद राहिली. लेकही वेळेवर झोपली. कात्री दोन दिवस शीळ घालत फिरला.

नऊला दुपारी दाढ काढून तो परतला तेव्हा अर्धा जबडा बधिर होता, जीभ वळत नव्हती. गल्लीत घरोघरी दारं किलकिली होती. आपल्या एका खोडण्यानं एवढी शहाणी माणसं कामाला लागली, याचं त्याला हसू आलं. मग लक्षात आलं, एकाही घरातून आवाज येत नव्हता. त्याच्यावर रोज भुंकणारं शेजारचं कुत्रं मोटारीखाली अंग चोरून पडलं होतं.

त्याचं स्वतःचं दार सताड उघडं होतं. पाऊस नव्हता, तरी उंबऱ्यावर ओली पानं चिकटली होती.

लेक धावत पुढे आली. तिचा चेहरा उजळला होता.

"बाबा, आई आली! आत आहे."

स्वयंपाकघरातले खण एकामागून एक उघडत होते. परक्या घरात काही शोधावं तसे. ते सगळे खण त्याच्या बायकोनं स्वतः लावले होते.

त्याला ओरडायचं होतं, बाहेर पळ. तोंडातून नुसती लाळ गळली.

"तिला काहीच आठवत नाहीये, बाबा. खूप भूक लागलीय म्हणते, आणि सारखी विचारतेय, घरात माणसं किती."

त्यानं लेकीचं मनगट धरलं.

"मी सांगितलं, दोघंच."

खणांचा आवाज थांबला.

मग टेबलावर ताट ठेवल्याचा आवाज आला. एकच.