वरून दुसरी पायरी

नरसिंहपूरच्या घाटावर चप्पल हातात घेऊन डॉक्टर राजनंदिनी लंगडत पायऱ्या उतरत होती. शहाण्णव सालचा नोव्हेंबर. एम.डी.च्या प्रबंधासाठी ती पुण्याहून इंदापूर तालुक्यात आली होती. विषय होता शेतात राबणाऱ्या बायकांच्या टाचांच्या भेगा, आणि आता स्वतःचीच टाच फुटून रक्त येत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"राळेचं मलम लावा. दोन दिसात चालाय लागाल."

तिनं वळून पाहिलं. मागं एक तरुण उभा, खांद्यावर टॉवेल, हातात पत्र्याची डबी, आणि डोळ्यांत... डोळ्यांत हसू होतं. ते तिला उगीचच आवडलं, म्हणून ती जरा जास्तच करड्या आवाजात म्हणाली, "पुरावा काय?"

"माझी आत्याच करती हे मलम. कुशाबाई. राळ, मेण आन् तिळाचं तेल. तिच्या टाचा बघा, लोण्यावानी हायत."

"एका माणसाचा अनुभव. सगळ्यात खालची पायरी." तिनं पाण्याला टेकलेल्या पायरीकडं बोट केलं.

"अख्ख्या गावाला गुण आलाय की."

"तरी एकच पायरी वर. गुण न आलेले कधी सांगायला येतात का?"

तो हसला आणि एक पायरी सोडून बसला. कोऱ्हाळे बुद्रुकचा ऋषिराज. शेतकी कॉलेज करून घरचा ऊस बघणारा, दर गुरुवारी बारामतीच्या बाजारातून इथं आत्याला राळ आणून देणारा. "मग तिसरी सांगा," तो म्हणाला.

"भेगा पडलेल्यांना आणि न पडलेल्यांना मागचं विचारायचं, काय लावत होता म्हणून. ती तिसरी. आधीपासून दोन्ही गटांच्या मागं हिंडून पुढं काय होतं ते बघायचं, ती चौथी. आणि कुणाला कोणतं औषध हे आपण न ठरवता चिठ्ठ्यांवर सोडायचं, ती पाचवी."

"चिठ्ठ्या कशापायी? आमी बी नवं खत आलं की चार सऱ्या बिनखताच्या ठेवतो."

"कोणत्या चार?"

"...पाटापासनं लांबच्या. चांगल्या सऱ्या कोण वाया घालवंल?"

"मग ऊस खतानं वाढला की पाण्यानं?"

ऋषिराज मान हलवून म्हणाला, "व्हय. पाच वर्षं चुकतोय की मी." चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा पुरुष तिनं मेडिकल कॉलेजात तरी पाहिला नव्हता.

"आन् सगळ्यात वरची?"

"अशा चाचण्या पुन्हा पुन्हा करून, सगळ्या गोळा करून एकत्र तोलायच्या. तिथपर्यंत मी कुठली पोचतेय. मला पाचवी गाठायचीय, मार्चच्या आत. नाहीतर वर्ष बुडालं."

तिनं कुशाबाईचंच मलम चाचणीला घेतलं. साठ बायका, साठ चिठ्ठ्या. तीस जणींना राळेचं मलम, तीस जणींना साधं व्हॅसलीन. आणि तिसऱ्या आठवड्यात बघते तो काय, साठच्या साठ जणींच्या टाचांना राळेचा वास.

"शेजारणीला न देता एकटीनं लावायचं?" राळेच्या गटातल्या शकुबाईनं तिलाच विचारलं. "लोक तोंडात शेण घालतील की, बाई."

झालं. सगळ्यांनीच मलम लावल्यावर तुलना कशाची करायची? राजनंदिनी घाटावर येऊन बसली. रडू अगदी पापणीशी आलं होतं. ऋषिराज आला, शेजारी बसला, आणि धीरबीर काही न देता त्यानं विचारलं, "आमच्याकडं पाण्याची पाळी कशी लावत्यात, ठाऊक हाय?"

"नाही."

"माणसाची चिठ्ठी न्हाय निघत, वस्तीची निघती. वस्तीत मग कुणी कुणाला द्या. तुमी बी वस्त्यांच्या चिठ्ठ्या काढा. बाया वाटून वाटून वाटतील कुठं? आपल्याच वस्तीत."

तिच्या सरांना, तिला, पुण्याच्या सबंध लायब्ररीला जे सुचलं नव्हतं ते या माणसानं पाण्याच्या पाळीतून काढून दिलं होतं. त्याला मिठी मारावी असं तिला वाटलं. तिनं फक्त चहा विचारला.

स्टँडवरच्या टपरीत बशीत फुंकर घालता घालता तो म्हणाला, "एक सांगू? मला तुमी आवडता."

तिचे कान तापले. "एका माणसाचं सांगणं—" ती कपाकडं बघत म्हणाली, "खालची पायरी."

"बरं," तो म्हणाला. आणि पुढच्या गुरुवारी आलाच नाही.

तो धरून बारा गुरुवार. बारा वस्त्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, सहा वस्त्यांना राळ, सहांना व्हॅसलीन. दर गुरुवारी कुशाबाईच्या ओट्यावर पाय साबणानं धुवून घ्यायचे, मग नर्स छबूबाईनं भेगा मोजायच्या. कोणत्या वस्तीत काय, हे छबूबाईला ठाऊक नाही. कामाची घडी बसली, पण ऋषिराजचा काही नेम नाही. एका गुरुवारी यायचा, मग सलग दोन गायब, मग पुन्हा हजर. राजनंदिनीला राग यायचा. रागाचं कारण मात्र तिनं कुठल्याच वहीत लिहिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आकडे जुळवले. राळेच्या वस्त्यांतल्या भेगा निम्म्याहून जास्त भरल्या होत्या, व्हॅसलीनच्या जेमतेम. तिनं तीनदा बेरीज तपासली आणि धावत कुशाबाईच्या ओट्यावर गेली.

"आत्या, तुमचं मलम जिंकलं."

"म्या तर आदीच सांगितलं व्हतं," कुशाबाई शेंगा फोडत म्हणाल्या. "तीन म्हैनं कशाला लागलं तुला?"

मार्चमध्ये प्रबंध गेला. वस्तीवार चिठ्ठ्यांची कल्पना सरांनी इतर विद्यार्थ्यांना वाचून दाखवली. वर्ष वाचलं, ती जिंकली. आणि मंजुरीचा कागद घेऊन ती पहिली एसटी पकडून कुठं आली? घाटावर. गुरुवारच होता, आणि ऋषिराज खालच्या पायरीवर उभा होता, हातात तीच पत्र्याची डबी.

"मलम?"

"उघडा."

आत बारा चिठ्ठ्या होत्या. सहांवर 'जा', सहांवर 'नको'.

"दर गुरुवारी सकाळी एक काढायचो," तो म्हणाला. "जा निघाली तर यायचो. नको निघाली तर... बांधावर बसून रहायचो. लई अवघड गेलं. आन् आत्याला म्हटलं, बाई काय करत्यात त्येवढं ध्यानात ठेव. चिठ्ठ्यांचं तिला बोललो न्हाय."

"मग?" तिनं विचारलं.

"ज्या सहा गुरुवारी मी न्हाय आलो, त्या सहाही गुरुवारी तुमी रस्त्याकडं बघत चहा गार केला. आलो त्या सहा गुरुवारी येकदा बी न्हाय." तो एक पायरी वर आला. "हा पुरावा कुठल्या पायरीवर, डॉक्टरबाई?"

तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "आत्यांना दिसत होतंच की तुम्ही आलात का नाही. त्या तुमच्या बाजूच्या."

"ती तुमच्या बाजूची बी हाय. आता पायरी सांगा."

"वरून दुसरी," ती म्हणाली. "खरं आहे ते. माझा चहा गार व्हायचा. मला तुम्ही आवडता, ऋषिराज, पहिल्या दिवसापासून आवडता."

तो चढून तिच्या पायरीवर आला. समोर भीमा आणि नीरा एक होऊन पुढं चालल्या होत्या.

"आन् सगळ्यात वरची?"

"ती एका चाचणीत मिळत नाही. रोज रोज करून बघावं लागतं, मग सगळं गोळा करून तोलायचं."

"किती वर्षं लागतील?"

"चाळीस तरी," ती म्हणाली, आणि डबीतल्या सहा 'नको' तिनं नदीत सोडून दिल्या.