अमीनचाचा घ्यायला येतात

बस गं मिसबाह. बॅटऱ्या चार्जिंगला लागल्या ना, मग झालं. इथल्या सोलरची वीज तेवढ्यालाच पुरते. तो कंदील जरा बारीक कर, किडे गोळा होतात. आणि तेच तेच विचारू नकोस आता. जीपमधून उतरल्यापासून तुझं एकच चाललंय, 'ताई, चौकीदाराचं कुत्रं माझ्यावर केवढं भुंकलं, तुमच्याकडे मान पण वळवली नाही.' सांगते. उद्या सकाळी तू माझ्याबरोबर लपणापर्यंत यायची आहेस, तेव्हा तुला सांगायलाच हवं. फक्त तुझ्या अम्मीला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. रईसाचाची आधीच म्हणते, 'नवऱ्याला जंगलाचा नाद लावलास दीपा, आता पोरीलाही नेतेस.'

तुझे अब्बा घरात कसे होते ते तुला माहीत. आमच्या युनिटमध्ये अमीनचाचा म्हणजे गाडी, चूल आणि आरडाओरडा. आयुष्यभर रावेरहून दिल्लीला केळीचे ट्रक नेले, त्या इंजिनाने डावा कान गेला, म्हणून आपल्यालाही ऐकू येत नाही असं समजून बोलायचे. आम्ही वन्यजिवांच्या फिल्म करणारे, आणि आमचा ड्रायव्हर असा, की मोर सोडला तर प्रत्येक पाखराला 'चिडिया' म्हणणार. मी चिडायचे. भडगावची मी, राग आला की अहिराणी निघते तोंडातून. ते हसायचे आणि माझ्या हातात चहा द्यायचे.

एक मात्र होतं. घ्यायला पाठवलेला माणूस न घेता चाचा परत आले, असं कधी झालं नाही. युनिटमधल्या आमच्या ललितला चाळीसगाव स्टेशनवर घ्यायला गेले, त्याची गाडी रात्रभर लेट. दुसरा कुणी फोन करून निघून आला असता. हा माणूस फलाटावर चप्पल उशाला घेऊन झोपला आणि सकाळी ललितला घेऊनच आला, वर दोन डझन पेरू.

आणि आमच्या कामात घ्यायला येणारा माणूस फार मोठा असतो गं. लपण म्हणजे तू पाहिलंस ते, शेवाळी कापडाचा, एका माणसापुरता तंबू. त्यात कॅमेरा घेऊन दिवसभर बसायचं. पण पाखराने तुला आत शिरताना पाहिलं तर ते घरट्याकडे फिरकत नाही. म्हणून दोघांनी जायचं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने पाखराच्या डोळ्यांदेखत, चांगला आवाज करत निघून जायचं. पाखराला मोजता येत नाही. त्याला वाटतं, आलेलं माणूस गेलं. संध्याकाळीही तसंच. कुणी घ्यायला आल्याशिवाय लपणातून पाय बाहेर टाकायचा नाही. रिकाम्या कापडातून माणूस निघताना एकदा का दिसलं, की त्या पाखराचा विश्वास उडाला.

चाचांना हे पटायचं नाही. "आमच्या रईसाच्या कोंबड्या पिलं मोजतात, आणि तुझी चिडिया माणसं नाही मोजत?" असा वाद घालायचे. पण निघून जाण्याचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमलं नाही. ती टायरच्या तळव्याची चप्पल, फटक फटक. हातातली काठी दगडादगडावर आपटत जायचे, आणि त्या पिटुकल्या पक्षिणीला ओरडून सांगायचे, "चलो बाई, निघालो आम्ही! सांभाळ तुझं घरदार!" बिडी सोडली होती ना त्यांनी, तोंडात कायम लवंग. ते गेल्यावर लवंगेचा वास लपणात बराच वेळ राहायचा.

संध्याकाळी घ्यायला यायचे तेव्हा मी नेमकी कशात तरी गुंतलेली. आतून हळूच म्हणायचे, "चाचा, दोन मिनिटं." मग मागच्या दगडावर बसून कुरकुर सुरू. "तुझ्या दोन मिनिटांत माझा ट्रक इंदूरला पोचायचा."

हसतेस ना? हस. मलाही आठवून हसू येतं.

तो रानपिंगळा त्यांनीच तर पाहिला होता माझ्याबरोबर, या पालच्या जंगलात. घुबडातलाच, वीतभर, पण दिवसा हिंडणारा. फार थोडे उरलेत. सागाच्या ढोलीत जोडीने घर केलं तेव्हा चाचा म्हणाले, "आपली चिडिया पिलं काढेल. पहिलं पिलू उडेल तेव्हा मला बोलव, मी पण बघणार." मी म्हटलं, बोलावते. आणि मग थंडीत ते गेले. झोपेतच. मयतीला मी आले होते तेव्हा दारात तू उभी होतीस, तुझ्या अम्मीचा हात मी धरून बसले होते. फिल्म तेवढ्या एका शॉटसाठी अडली होती. ते उडणारं पिलू, आणि त्यावर चाचांचं नाव, असा शेवट मी मनाशी ठरवून टाकला. दुसरं काही मला त्यांच्यासाठी करता येण्यासारखं नव्हतं.

होळी जवळ आली होती. पळस नुसता पेटलेला. पिलू ढोलीच्या तोंडाशी येऊन पंख झाडायला लागलं, म्हणजे आज नाहीतर उद्या उडणार. आणि ललित आदल्या दिवशी रावेरला सामान आणायला गेलेला. सकाळी त्याचा फोन, घाटात केळीचा ट्रक उलटलाय, रस्ता बंद, संध्याकाळपर्यंत येतो. माझ्याबरोबर चालायला कुणीच नाही.

मी एकटीच गेले. आत शिरले, चेन ओढली, भोकाला डोळा लावला. समोर अंजनाच्या फांदीवर ती आई. चोचीत सरडा, आणि पिवळे डोळे रोखलेले माझ्या लपणावर. तिला सगळं ठाऊक होतं. एक माणूस आलं, ते आतच आहे. ढोलीतून पिलांचा चिरका, भुकेला आवाज. ती हलेना. ऊन चढायला लागलं, तरी हलेना.

आमच्यात एक नियम आहे आणि तो तूही पाळायचा. आई पिलांकडे जात नसेल तर उठायचं. फिल्म गेली खड्ड्यात. कुणाचं लेकरू उपाशी ठेवून आपल्याला शॉट नको. मी कॅमेरा बंद केला. डोळ्यांत पाणी आलं. पुटपुटले, "चाचा, आते कसं करू हो मी?" आणि उठायला गुडघा टेकला.

लपणाच्या मागे काठी दगडावर वाजली. टक.

मग चप्पल. फटक... फटक... फटक. लपणाला वळसा घालून पुढे, उतारावरून नाल्याच्या दिशेने. ओरडणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत, नुसता सूर. तोच, बाईला घरदार सांभाळायला सांगणारा. भोकातून मला माणूस दिसला नाही. वाळलेली पानंही हलली नाहीत. पण ती आई... तिची मान हळूहळू वळत गेली. डावीकडून उजवीकडे, जाणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. आवाज नाल्यात उतरला, तशी ती सरळ झाली, पंख झटकले आणि ढोलीत शिरली. पिलं गप्प झाली.

मी एकटी आले होते, मिसबाह. आणि एक माणूस गेल्यावर तिचं समाधान झालं. मग तिने माझ्या लपणापासून कुणाला जाताना पाहिलं होतं?

तेव्हा भीती वाटली नाही, खरं सांगते. लपणात लवंगेचा वास भरला होता. मी त्या कापडाला हात लावून पोटभर रडले. वाटलं, मेल्यावरही हा माणूस माझं काम करून गेला. दिवसभर ती आई येत राहिली, जात राहिली. मी सोबत आणलेली भाकरीसुद्धा खाल्ली.

घ्यायला कोण येणार, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

उन्हं तांबूस झाली. पिलू ढोलीच्या तोंडाशी आलं, अर्धं बाहेर, अर्धं आत. मी श्वास रोखून कॅमेऱ्याला चिकटले. तेवढ्यात नाल्याकडून चप्पल ऐकू आली. फटक... फटक... लपणाच्या मागे येऊन थांबली. लवंगेचा वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा. मार्चमध्ये गं. आसपास पाण्याचा थेंब नव्हता.

"दीपा... चल बेटा..."

आवाज चाचांचाच. पण हळू. अगदी कानाशी बोलावं तसा. तुझे अब्बा कधी हळू बोलले होते का गं?

डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. तोंडातून सवयीने गेलं, "चाचा... दोन मिनिटं..."

मागचा दगड हलला. कुणीतरी बसलं. कुरकुर नाही, काही नाही. पिलाने एकदा खाली पाहिलं, एकदा आईकडे, आणि उडी टाकली. पडतंय पडतंय म्हणताना पंख उघडले, आणि धडपडत जाऊन अंजनाच्या फांदीला चिकटलं. सगळं मिळालं मला. आनंदाच्या भरात मी म्हटलं, "चाचा, उडालं! बघितलंत ना?"

"हां... बघितलं... चल आता."

तेव्हा कुठे मी भानावर आले. माय वं, मी कुणाशी बोलतेय! हात मांडीवर घट्ट दाबून बसून राहिले. हलायचं नाही, चेन उघडायची नाही, एवढंच डोक्यात. बाहेरून चेन सरकल्याचा आवाज आला... खर्रर्र... वरपासून खालपर्यंत. माझ्या डोळ्यांसमोर लपणाची चेन होती. ती बंद होती. जागची हललीच नव्हती.

मग पावलं निघाली. एक फटक, फटक. आणि त्याच्याबरोबर दुसरं, डावा पाय जरासा ओढून चालणारं. जीपच्या अपघातानंतर माझा पाय कसा पडतो, ते तू आज बघितलंसच. समोर फांदीवरच्या आईची मान पुन्हा वळत गेली, सावकाश, नाल्यापर्यंत.

थोड्या वेळाने वरच्या वळणावरून ललित धावत आला. हाका मारत, धापा टाकत. त्याने चेन उघडली आणि मला बघून मागेच सरकला. "ताई... तू आठे शेस? मंग तठे कोन व्हती?"

त्याने वरून पाहिलं होतं. मी कुणातरी माणसाबरोबर नाल्यात उतरत होते. माझा निळा दुपट्टा, माझी चाल. त्याने हाक मारली, तशी मी वळून हात केला म्हणे. बरोबरचा माणूस वळला नाही. मग आम्ही दोघं करंजाच्या झाडामागे गेलो आणि पलीकडे निघालोच नाही.

पुढचं ऐक. मी बाहेर आले. ललित तिथेच उभा, आणि ती आई त्याच्यावर किंचाळतेय, डोक्यावरून झेपा घेतेय. मी तिच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. दोन्ही हात हलवले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. रागाने नाही, घाबरून नाही. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच तिच्या लेखी.

तेव्हापासून हे असं आहे. तुम्ही सगळे म्हणता ना, दीपाताई गेली की जनावर पळत नाही, काय हात आहे तिचा. अस्वलाने माझ्या पायाशी येऊन वारूळ फोडलं, त्या शॉटला बक्षीस मिळालं. मी हसून घेते. भडगावला आमची गाय आहे, कपिला. माझी चप्पल अंगणात वाजली की हंबरायची. आता तिच्या गळ्याला मिठी मारली तरी कडबा खात राहते. त्या दिवशी मी गोठ्यात बसून फार रडले गं.

कुत्र्याचं विचारलंस, म्हणून सांगितलं. चाचांवर माझा राग नाही, तूही धरू नकोस. ते माझं वाईट करतील, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. पण ते घ्यायला आले होते, मिसबाह. आणि घ्यायला आले म्हणजे ते घेऊनच जाणार.

चल, झोप आता. सकाळी दोघी जाऊ. मला बसवून तू अब्बांसारखी आवाज करत परत ये, ललित म्हणतो तुझी चाल अगदी त्यांच्यावर गेलीय. संध्याकाळी घ्यायला येशील तेव्हा आधी वरच्या वळणावर थांब, आणि नाल्याकडे बघ. दोघं जाताना दिसली तर हाक मारू नकोस. अब्बा दिसले म्हणून जीव कितीही तुटला, तरी नको. ते वळणार नाहीत, त्यांना त्या बाजूने ऐकू येत नाही.

पण मी वळेन.