चूक आमच्या बाजूला

प्रेम दोन जीवांना एकरूप करतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. दोन सॉफ्टवेअरना एकरूप करायला बसवलेली माणसं मात्र आधी चिडचिडी होतात, मग त्यांना पित्त होतं.

ती तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीतली. वर स्क्रीन, मध्ये नियम, तळाशी डेटाबेस, असा त्या सॉफ्टवेअरचा तिमजली कारभार. तो सर्व्हिस बसवाला, म्हणजे ज्या फर्निचर कंपनीत ते सॉफ्टवेअर बसवायचं होतं, तिच्या सगळ्या विभागांचे निरोप एकाच वाटेने नेणाऱ्या यंत्रणेचा माणूस. दोघांची गाठ पडली सर्व्हर-रूममध्ये. मीटिंग चुकवून दोघंही तिथल्या गारव्यात डुलकी काढायला आले होते.

“तुम्हीही झोपायला?” त्याने विचारलं.

“छे, सर्व्हर बघायला.”

“बघा ना. डोळे मिटून जास्त चांगला दिसतो.”

तेव्हापासून त्याच्या यंत्रणेतल्या निरोपांचे साचे तपासायला तिला उगाच वेळ लागू लागला...

मग गोदामातून बोंब आली. एक कपाट मागवलेल्या गिऱ्हाइकांच्या दारात दोन-दोन कपाटं उतरत होती. दोघांनी मिळून शोधलं, आणि चूक तिच्याच बाजूला निघाली. तिचा मधला मजला निरोपाची पोच द्यायला उशीर करत होता. पोच नाही म्हणून बस बिचारी तोच निरोप पुन्हा आणून टाकत होती. फर्निचर कंपनीच्या साहेबांनी तर आधीच बजावलं होतं, ज्याची चूक तो प्रकल्पातून बाहेर.

या धंद्यात चूक कायम समोरच्याच्या बाजूला असते. तो मात्र मीटिंगमध्ये उठला आणि म्हणाला, “चूक आमच्या बाजूला आहे.”

असलं वाक्य त्या खोलीने कधी ऐकलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला घालवून आपण इथे राहायचं – कुणासाठी? तीही उठली आणि खरं ते सांगून मोकळी झाली. हात झटकणाऱ्यांसाठी साहेबांकडे भाषण तयार होतं. एकाच चुकीचे दोन दावेदार त्यांना नवीन होते. दोघं मिळून निस्तरा म्हणाले आणि जेवायला गेले.

“खोटं कशाला बोललात?” खोली रिकामी झाल्यावर तिने विचारलं.

“तुम्ही गेलात तर... मी भांडू कुणाशी?”

“एवढंच?”

“नाही... जन्मभर भांडायचं म्हणतोय. चालेल?”

ती दमून हसली – आणि हो म्हणाली.

आईला आजच सांगतो, रविवारी घरी येतो, असं त्याचं भराभर सुरू झालं.

“सगळं ठरवू हो,” ती म्हणाली. “आधी तो पंखा जरा कमी करा. मान धरलीय.”